टपालाने सामान पाठवताना

परदेशात घर हलवणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: हे खोकं तीन महिने आलं नाही तर तुमचं काय अडेल? जे अडेल ते टपालात टाकू नका. मूळ प्रमाणपत्रं, औषधं, लॅपटॉप हे सगळं हातातल्या बॅगेत. समुद्रमार्गाने जाणारं पार्सल स्वस्त पडतं, पण पोहोचायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात.

मग टपालाने काय पाठवायचं? माझ्या मते पुस्तकं आणि कपडे. नुसती पुस्तकंच असतील तर एम-बॅग मिळते का, हे पोस्टात जरूर विचारा. एकाच पत्त्यावर जाणारा छापील मजकूर एका थैलीत, 30 किलोपर्यंत. ही सोय सगळीकडे नसते. साध्या पार्सलची मर्यादा बहुधा 20 किलो असते, काही देशांसाठी 30. पण मर्यादा आहे म्हणून तेवढं भरू नका. पुस्तकांनी गच्च भरलेलं मोठं खोकं उचललं की तळाची चिकटपट्टी सुटते. दहा-बारा किलोंची लहान खोकी करा, पुस्तकं आडवी रचा, कोपऱ्यांत जुने टॉवेल कोंबा. खोकं हलवून पाहिल्यावर आत काही सरकायला नको. आणि बंद करण्याआधी दोन्ही पत्ते लिहिलेला एक कागद आत ठेवा, कारण बाहेरचं लेबल फाटलं तर तोच कामाला येतो.

खरी काळजी घ्यायची ती सीएन 23 या कस्टम्सच्या फॉर्मची. माझ्या पहिल्या खोक्यावर मी नुसतं 'घरगुती सामान' लिहिलं होतं. कस्टम्सने ते अडवलं, यादी मागणारं पत्र आलं, आणि बंद केलेल्या खोक्यात काय काय होतं हे आठवत मी रात्रभर बसलो. तेव्हापासून खोकं भरतानाच यादी करतो आणि उघड्या खोक्याचा फोटो काढून ठेवतो. फॉर्मवर एकेक वस्तू वेगळी लिहा: 'वापरलेले सुती शर्ट, 6 नग', वजन, किंमत. किंमत शून्य लिहू नका. जुन्या वस्तूला आज जी येईल ती लिहा. स्वतःच्याच सामानाला 'भेटवस्तू' म्हणू नका. मजकूर इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा तिकडे चालणाऱ्या भाषेत हवा.

राहतं ठिकाण बदलणाऱ्यांना बऱ्याच देशांत जुन्या सामानावर शुल्कमाफी मिळते, पण ती आपण मागावी लागते. युरोपीय संघात साधारणपणे वस्तू किमान 6 महिने वापरातली असावी लागते आणि तिथे राहायला गेल्यापासून 12 महिन्यांत आणावी लागते. तुम्ही जाताय त्या देशाचा नियम आणि लागणारे कागद खोकं पाठवण्याआधीच पाहून ठेवा.

पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, अत्तर, स्प्रेचे डबे टपालात चालत नाहीत. नेलपॉलिशसुद्धा नाही.

आता पत्ता. पहिल्या महिन्यातली खोली बहुधा तात्पुरती असते, म्हणून तिथे कायम राहणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर, 'यांच्यामार्फत' असं लिहून पाठवा. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर खोकं परत जाऊ शकतं. परत कुठे? तुम्ही रिकाम्या केलेल्या घरी. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून पाठवणारा म्हणून मागे राहणाऱ्या घरच्या कुणाचं तरी नाव आणि फोन द्या. सामान पोहोचवता आलं नाही तर काय करायचं, याची चौकट फॉर्मवर असते. घाईत 'सोडून द्यावे' वर खूण केलीत तर ते सामान गेलंच. 'परत पाठवावे' वर केलीत तर परतीचा खर्च पाठवणाऱ्याकडून घेतला जाऊ शकतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पावतीवरचा 13 खुणांचा क्रमांक, म्हणजे दोन अक्षरं, नऊ अंक, पुन्हा दोन अक्षरं, घरच्यांकडेही देऊन ठेवा. पार्सल देशाबाहेर पडलं की बहुतेक वेळा तोच क्रमांक तिकडच्या टपाल खात्याच्या साइटवरही चालतो. खोकं आलंच नाही तर चौकशीचा अर्ज टपालात टाकल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो पाठवणाऱ्यालाच करावा लागतो. मूळ पावती त्याच्याजवळच राहू द्या.