जर्मन विद्यापीठाचा अर्ज: साक्षांकन आणि भाषांतरातल्या या चुका टाळा

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणारे अनेक विद्यार्थी गुणपत्रके हाती येताच ती घेऊन एजंटाकडे किंवा नोटरीकडे जातात आणि विद्यापीठाने नेमके काय मागितले आहे हे नंतर वाचतात. हा क्रम उलटा असायला हवा, कारण साक्षांकन कोणाचे चालेल हे कागद स्वीकारणारी संस्था ठरवते आणि दोन जर्मन विद्यापीठांचे नियमही बहुधा सारखे नसतात. काहींना अर्जाच्या वेळी साधे स्कॅन पुरतात आणि साक्षांकित प्रती प्रवेश निश्चित झाल्यावरच लागतात.

सर्वांत खर्चिक चूक अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारकडून घेतल्या जाणाऱ्या प्रमाणीकरणाची आहे. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात असला, तरी भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणून या दोन देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. त्यामुळे ‘परदेशी जायचे म्हणजे अपोस्टिल हवेच’ असे कोणी सांगितले, तरी विद्यापीठाने लेखी मागितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत. भारतीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी एपीएस ही यंत्रणा करते आणि तिचे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून, काही अपवाद वगळता, विद्यार्थी व्हिसासाठी बंधनकारक आहे. त्याला वेळ लागत असल्याने त्याचा अर्ज आधी करावा.

दुसरी चूक आपल्या सवयीतून येते. आपल्याकडे बहुतेक सरकारी कामांना आता स्वसाक्षांकित प्रत चालते, म्हणून झेरॉक्सवर स्वतःची सही करून ती पाठवली जाते; जिथे अधिकृत साक्षांकन मागितले आहे, तिथे अशी प्रत साधी झेरॉक्सच ठरते. ज्या विद्यापीठाने कागद दिला ते विद्यापीठ किंवा नोटरी यांच्याकडून, मूळ कागद समोर ठेवून, प्रत मुळाबरहुकूम असल्याचा शेरा, सही, तारीख आणि गोल शिक्का घ्यावा. प्रत अनेक पानांची असेल, तर पाने जोडलेली असावीत आणि प्रत्येक पान त्याच साक्षांकनाचे आहे हे शिक्क्यावरून कळावे. गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला छापलेली श्रेणींची माहिती अनेकदा झेरॉक्समध्ये राहून जाते. गुणांचे रूपांतर करणाऱ्याला नेमकी तीच लागते. स्कॅन रंगीत करावे, म्हणजे शिक्का मूळचा आहे हे दिसते.

भाषांतराच्या बाबतीत आधी एक खात्री करावी: इंग्रजीतील गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी तसेच चालते, त्यामुळे त्यांच्या जर्मन भाषांतरावरचा खर्च बहुधा वाया जातो. प्रश्न येतो तो मराठीतून मिळालेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा किंवा जुन्या प्रमाणपत्राचा. त्याचे भाषांतर स्वतः किंवा ओळखीच्या शिक्षकांकडून करून घेऊ नये. जर्मनीत न्यायालयांकडे शपथ घेतलेले भाषांतरकार असतात आणि त्यांची अधिकृत यादी इंटरनेटवर खुली आहे. भारतातल्या भाषांतरकाराचे काम चालेल का, हे विद्यापीठाला आधी ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. भाषांतरात शिक्के, हस्ताक्षरातले शेरे आणि मागच्या बाजूचा मजकूरही आला पाहिजे, आणि मूळ कागदाची प्रत त्याला जोडलेली असावी.

सर्वाधिक मनस्ताप मात्र नावामुळे होतो, आणि तो टाळणे विद्यार्थ्याच्या हातात असते. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव पहिले येते, पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडलेले असते आणि क्षीरसागरसारखे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत देऊन त्यातलेच स्पेलिंग वापरायला सांगावे. क्रम उलटा असेल तर एका ओळीचे स्पष्टीकरण बहुधा पुरते. पण गुणपत्रकावर नावच चुकले असेल, तर दुरुस्तीचा अर्ज शाळा किंवा महाविद्यालयामार्फत लगेच करावा, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी सोबत जोडावी.

अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत अर्ज केला असेल आणि कागद अपुरे असल्याचा निरोप आला, तर नवा अर्ज भरण्याची घाई करू नये. कोणता कागद आणि कोणत्या स्वरूपात मागितला आहे हे नीट वाचून तेवढाच अपलोड करावा. हिवाळी सत्रासाठी अनेक विद्यापीठांची मुदत १५ जुलैला संपते आणि दुरुस्त कागदही त्याआधी पोहोचावा लागतो, म्हणून पहिला अर्ज निदान सहा-आठ आठवडे आधी गेलेला असावा.