रूट कॅल्क्युलेटरचा स्टॅक हिरवा झाला पण रूट काही येईना? या चुका टाळा

ॲमेझॉन लोकेशन सर्व्हिसमधला (एडब्ल्यूएसची नकाशे आणि रस्त्यांची सेवा) रूट कॅल्क्युलेटर, म्हणजे दोन ठिकाणांमधला रस्ता, अंतर आणि वेळ मागायचा रिसोर्स, क्लाउडफॉर्मेशन किंवा टेराफॉर्ममधून (टेम्प्लेट लिहून क्लाउडवरचे रिसोर्स बनवायची टूल्स) बनवायचा म्हणजे पाच-सहा ओळींचं काम. नाव, डेटा सोर्स, वाटलं तर डिस्क्रिप्शन आणि टॅग, बस्स. एवढ्याशा रिसोर्समध्ये चुकणार काय असं वाटतं आणि तिथंच घोळ होतो, कारण हा रिसोर्स बनताना एकही रस्ता मोजला जात नाही, फक्त नोंद होते की या नावाने कोणी रूट मागितला तर अमुक प्रोव्हायडरचा (नकाशाचा डेटा पुरवणाऱ्या कंपनीचा) डेटा वापरायचा. म्हणजे स्टॅकला (टेम्प्लेटमधून एकत्र बनलेल्या रिसोर्सच्या गटाला) हिरवं 'क्रिएट कम्प्लीट' आलं तरी निम्म्या चुका तशाच दडून बसलेल्या असतात, पहिला खरा कॉल गेला की बाहेर येतात.

डिप्लॉयलाच आपटणाऱ्या चुका आधी उरकून टाकू. डेटा सोर्सला तीनच व्हॅल्यू चालतात, एसरी, हिअर आणि ग्रॅब, आणि त्या केस-सेन्सिटिव्ह आहेत. हिअरचं नाव सगळीकडे कॅपिटलमध्ये छापलेलं दिसतं म्हणून आपणही तसंच टाकतो आणि एरर खातो, इथे फक्त पहिलं अक्षर कॅपिटल हवं. ग्रॅब पाहिजे असेल तर रीजन (एडब्ल्यूएसचे सर्व्हर ज्या भागात आहेत तो) सिंगापूरच, कारण तो डेटा आग्नेय आशियापुरताच आहे. नावात स्पेस नको. जुन्या टेम्प्लेटमधून प्रायसिंग प्लॅनची ओळ कॉपी होऊन आली असेल तर सरळ उडवा, ते फील्ड आता वापरात नाही.

आता खरी डोकेदुखी. समजा कॅल्क्युलेटर एसरीवर चालू आहे आणि सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं हिअर करून बघू, तुम्ही एक शब्द बदलता, अपडेट मारता आणि स्टॅक रोलबॅक होतो, म्हणजे बदल फसून जुन्या स्थितीत परत जातो. कारण डेटा सोर्स जागच्या जागी बदलत नाही, रिसोर्स नवा बनवावा लागतो, आणि क्लाउडफॉर्मेशन आधी नवा बनवतं मग जुना काढतं, पण नाव तर तुम्ही हाताने ठरवून दिलेलं, एकाच नावाचे दोन कसे राहणार? म्हणून डेटा सोर्स बदलताना नावही बदला. मी तर नावातच प्रोव्हायडर घालतो, दिसायला बरं नाही दिसत पण हा प्रश्न मिटतो. टेराफॉर्ममध्ये उलटं होतं, ते आधी जुना उडवतं मग नवा बनवतं, म्हणजे अपडेट जातो सुरळीत पण मधल्या वेळात ॲपचे कॉल फेल. यावर 'क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय' (आधी नवा बनव, मग जुना काढ) लावलं आणि नाव तेच ठेवलं तर परत नावाचीच टक्कर. आणि हो, प्लॅनमध्ये (टेराफॉर्म बदलाआधी दाखवतं त्या यादीत) 'मस्ट बी रिप्लेस्ड' लिहून येतं, ते न वाचता यस दाबणारे आपणच असतो.

नाव बदललं की पुढचा प्रश्न, ते ॲपला कळणार कसं. कोडमध्ये नाव हार्डकोड करू नका, आउटपुटमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला द्या. इथे रेफ आणि गेटॲट (टेम्प्लेटमध्ये रिसोर्सची माहिती काढायची दोन फंक्शन्स) यांमधला फरक लक्षात ठेवा: रेफने कॅल्क्युलेटरचं नाव मिळतं, एआरएन (रिसोर्सचा पूर्ण पत्ता) मिळत नाही. ॲपला कॉल करताना नाव लागतं तिथे रेफ बरोबर, पण आयएएम पॉलिसीच्या (कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या नियमांच्या) रिसोर्समध्ये रेफ टाकला की 'एआरएन किंवा स्टार द्या' अशी एरर येते, मग माणूस कंटाळून स्टार टाकतो, म्हणजे सगळ्याच रिसोर्सना परवानगी, आणि तो स्टार तिथे कायमचा राहतो. तिथे गेटॲटने एआरएन घ्या, टेराफॉर्ममध्ये त्यासाठी वेगळा कॅल्क्युलेटर एआरएन ॲट्रिब्यूट आहे. मॅट्रिक्स (अनेक ठिकाणांमधले रूट एकाच कॉलमध्ये) वापरणार असाल तर कॅल्क्युलेट रूट मॅट्रिक्सची परवानगी वेगळी लिहावी लागते, साध्या कॅल्क्युलेट रूटमध्ये ती येत नाही.

'रिसोर्स नॉट फाउंड' आलं तर आधी रीजन बघा. स्टॅक एका रीजनमध्ये आणि ॲपचा क्लायंट दुसऱ्याच रीजनला विचारतोय, असंच बहुतेक निघतं. पॉलिसीत रीजनसकट एआरएन असेल तर हाच घोळ 'ॲक्सेस डिनाइड' बनून येतो आणि आपण तासभर परवानग्या उकरत बसतो.

कॉल जातोय पण उत्तर विचित्र येतंय, तर कोऑर्डिनेट्सचा क्रम तपासा. इथे लाँगिट्यूड आधी, लॅटिट्यूड नंतर, आपल्या बोलण्याच्या बरोब्बर उलटं. सिंगापूरचे 1.29 आणि 103.85 उलटे गेले तर निदान एरर तरी येते कारण लॅटिट्यूड 90 च्या वर जात नाही, पण लंडनचे 51.5 आणि उणे 0.12 उलटे टाकले की दोन्ही आकडे नियमात बसतात आणि तुम्ही थेट हिंदी महासागरात! आकडे वैध आहेत म्हणून व्हॅलिडेशन यात काही पकडत नाही.

प्रोव्हायडरच्या मर्यादाही टेम्प्लेटमध्ये कुठेच दिसत नाहीत. एसरीला 400 किलोमीटरच्या वरचा रूट मागितला की 400 ची (मागणीच चुकीची अशी) एरर येते, आता अंतर आणि एरर कोड दोन्ही 400 हा योगायोग, पण लॉग वाचताना डोकं फिरतं. चालत जायच्या मोडला एसरीची मर्यादा 40 किलोमीटर. मोटरसायकल आणि सायकल फक्त ग्रॅबकडे, आणि ट्रक ग्रॅबकडे नाही. त्यामुळे डेटा सोर्स निवडायच्या आधी ॲपला कुठला मोड आणि किती लांबचा प्रवास लागणार हे विचारून घ्या, नाहीतर वर सांगितलेली रिप्लेसमेंटची कसरत आहेच.

अंतर आणि वेळ आली पण नकाशावर रेघ नाही, तर 'इन्क्लूड लेग जॉमेट्री' चालू करा, डिफॉल्टला ते बंद असतं.

आणि एक गोष्ट टेम्प्लेट लिहायला घ्यायच्या आधीच बघा, तुमच्या कोडमध्ये कुठली एपीआय (सेवेला कॉल करायची पद्धत) आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये नवीन रूट्स एपीआय आली, तिला कॅल्क्युलेटर रिसोर्स लागतच नाही. तिचा आयएएम प्रीफिक्सही वेगळा, जुन्याचा जिओ आणि हिचा जिओ-रूट्स, आणि ॲक्शनच्या नावात एका एसचा फरक, जुनी कॅल्क्युलेट रूट, नवीन कॅल्क्युलेट रूट्स. कॅल्क्युलेटर बनवलाय, पॉलिसी जुन्या ॲक्शनची लावलीय आणि एसडीकेमधून (ॲपमधल्या एडब्ल्यूएसच्या लायब्ररीतून) कॉल नव्या एपीआयला जातोय, असं झालं की 'ॲक्सेस डिनाइड' येत राहतं, रिसोर्स कितीही वेळा डिलीट करून परत बनवा. एररच्या मेसेजमध्ये ॲक्शनचं नाव असतं, तो एस आहे का नाही तेवढं बघा.