पीएचपीत केळीचा हिशोब चुकतो तो कुठे? या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळीच्या काटा पावत्यांसाठी पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला कोड तपासायला आला की मी आधी भावाचा रकाना बघतो. फॉर्ममध्ये कोणी "1,250" लिहिते आणि कोड थेट गुणाकार करतो. फॉर्ममधला मजकूर पीएचपीला स्ट्रिंग (अक्षरांची माळ) म्हणूनच मिळतो. आकडा करताना पीएचपी सुरुवातीचे अंक वाचते आणि स्वल्पविराम दिसला की थांबते. भाव उरतो १ रुपया, आणि २० क्विंटलची पट्टी २५,००० ऐवजी २० रुपयांची निघते. गुणाकारात निदान वॉर्निंग येते. आधीच इंटिजरमध्ये (पूर्णांकात) कास्ट केले, म्हणजे प्रकार बदलून घेतला असेल तर तीही येत नाही. शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद आहे हा, म्हणून मी यावर अडून बसतो.

दुसरी चूक आपल्याच भाषेतली. मराठी कीबोर्डवरून "१२५०" आले, तर पीएचपीच्या लेखी तो आकडाच नाही. कास्ट केल्यास 0 मिळतो, आणि आवृत्ती ८ मध्ये गुणाकार केल्यास टाइप-एरर. त्यामुळे आत घेतानाच देवनागरी अंक बदला, स्वल्पविराम काढा, उरलेले संख्याच आहे ना ते तपासा आणि मगच कास्ट करा. अंक बदलताना strtr फंक्शनला '१' ला '1' अशा जोड्यांचा अ‍ॅरे द्या. दोन स्ट्रिंग दिल्या तर बदल बाइटनुसार होतो आणि अक्षरे फुटतात.

लांबीचेही तेच. "मुक्ताईनगर" लांबीच्या साध्या फंक्शनने (strlen) मोजले तर ३० येतात, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट घेते. २० वर कापले तर शेवटी तुटके चिन्ह दिसते. mb_ ने सुरू होणारी मल्टिबाइट फंक्शने वापरा.

तुलना === नेच करा, ते मूल्यासोबत प्रकारही जुळवते. == ला "1E3" (संख्या म्हणून वाचल्यास १०००) आणि "1000" हे पावती क्रमांक एकच वाटतात. 0 == "केळी" हे तर पीएचपी ७.४ पर्यंत खरे ठरायचे. २०२० च्या ८.० ने ते बदलले, पण जुन्या होस्टिंगवर अजून भेटते. तूट "0" भरली तरी 'रकाना रिकामा आहे' असे येत असेल, तर एम्प्टी ही तपासणी वापरलेली असणार, तिला "0" रिकामाच वाटतो. चुकीचा शोध घेताना मूल्य छापणाऱ्या इकोवर विसंबू नका, त्यात फॉल्स (खोटे) आणि नल (मूल्यच नाही) दोन्ही कोरेच दिसतात. व्हार-डंप मूल्य प्रकारासकट दाखवते.

राहिली शैली. पीएसआर-१२ या पीएचपीच्या शैली-नियमांप्रमाणे ओळ आत घेताना चार स्पेस, आणि फाइलच्या माथ्यावर स्ट्रिक्ट टाइप्स (प्रकार काटेकोर तपासण्याची सूचना). $वजन असे मराठी नाव पीएचपी चालवून घेते, तरी मी ते टाळायला सांगतो: नावात "ऱ" आला तर तो दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो सारखाच, आणि व्हेरिएबल दोन होतात. फक्त पीएचपी असलेल्या फाइलच्या शेवटचे ?> हे बंद करणारे चिन्ह काढून टाका. त्याच्यापुढे राहिलेल्या रिकाम्या ओळी आउटपुटमध्ये जातात आणि लॉगिननंतरचे रीडायरेक्ट (दुसऱ्या पानावर पाठवणे) 'हेडर्स आधीच पाठवले' म्हणून अडते.