सीपी असलेल्या मुलांना मैदानात उतरवायचं कसं? सोलापुरातली आमची सुरुवात

माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे. घरात आम्ही सगळे नुसतं 'सीपी' म्हणतो. ती चौदा वर्षांची आहे आणि व्हीलचेअरवर असते. शब्द नीट फुटत नाहीत, पण 'हो' म्हणायचं असलं की वर बघते आणि 'नाही' म्हणायचं असलं की डोळे मिटते. तान्ही असल्यापासून तिची फिजिओथेरपी चालू आहे. स्ट्रेचिंग, उभं राहायची फ्रेम, पायातले बूट, परत स्ट्रेचिंग. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या दिवसात खेळ नव्हताच. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायला लागली की तिला गॅलरीत आणून बसवायचो. तेवढ्यात तिची करमणूक झाली, असं आम्हीच ठरवून टाकायचो.

व्यायाम तिच्या शरीरासाठी होता आणि तो हवाच. पण खेळ ही वेगळी गोष्ट आहे. खेळात डाव आपला असतो, हरता येतं, चिडता येतं. तेच तिला मिळत नव्हतं. आम्ही सुरुवात कशी केली ते इथे क्रमाने लिहिते. ज्यांच्या घरात सीपी असलेलं मूल किंवा मोठं माणूस आहे, त्यांना उपयोग होईल.

आधी तिला विचारा, मग डॉक्टरांना

जन्माच्या आधी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे सीपी होतो. ती इजा पुढे वाढत नाही, पण हालचालींवरचा परिणाम आयुष्यभर राहतो आणि तो प्रत्येकात वेगळा असतो. कुणाचे स्नायू ताठर, कुणाचे हात-पाय मनात नसताना हलतात, कुणाचा तोल जातो. कुणी पळतं, कुणाला मानही सावरत नाही. त्यामुळे सीपीवाल्यांचा म्हणून एकच एक खेळ नसतो. पोरांच्या खेळातलं काय आवडतं, हे आधी जिला खेळायचं आहे तिला विचारा. दोन-तीन पर्याय दाखवा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर आपण मध्ये बोलायचं नाही. आम्ही ही चूक कितीतरी वेळा केली.

मग डॉक्टर आणि फिजिओ. फिट येते का, खुब्याचा सांधा जागेवर आहे का, गिळायला त्रास होतो का, कुठे दुखतं का, एवढं स्पष्ट विचारून घ्या. 'जोर लावला की ताठरपणा वाढतो' असं बरेच लोक सांगतात. उत्साहात हात-पाय काही क्षण कडक होतात, ते खरं. पण नीट आखून घेतलेल्या ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा कायमचा वाढतो, असं दिसून आलेलं नाही. या भीतीपोटी मुलाला बसवून ठेवू नका.

बोचियापासून सुरुवात करा

आपण लहानपणी गोट्या खेळलो, त्यात नेमाला किती मोल होतं आठवतंय? बोचिया तसाच नेमाचा खेळ आहे. १९८४पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि मुळात सीपी असलेल्यांसाठीच तो पुढे आला. एक पांढरा चेंडू, त्याला जॅक म्हणतात. एका बाजूला सहा लाल चेंडू, दुसऱ्या बाजूला सहा निळे. जॅक टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जवळात जवळ न्यायचे. ज्याचा चेंडू लांब, त्याची पाळी. शेवटी समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जवळ, तितके गुण. चेंडू हाताने फेका, पायाने ढकला, नाहीतर घसरपट्टीवरून सोडा, सगळं चालतं.

स्पर्धेचा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा आणि २७ सेंटीमीटर घेराचा असतो. विकतचा संच महाग पडतो, म्हणून आम्ही घरीच केले. जुन्या मोज्यात पाव किलो ज्वारी भरायची, गाठ मारून शिवायची आणि वरून लाल किंवा निळं जाड कापड चढवायचं. सोलापुरात ज्वारीला काय तोटा! फक्त ती दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या. आमच्या पहिल्या खेपेला महिन्याभरात किडे झाले आणि वहिनीने सगळे चेंडू उसवले. ज्वारीचा चेंडू हातात बसतो, बोटं नीट मिटत नसली तरी निसटत नाही आणि पडला की फार लांब पळत नाही.

कोर्ट साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग दुपारी रिकामं असतं, तिथे खडूने आखलं. एवढी जागा नसेल तर निम्म्या जागेतही खेळ होतो. फरशी मात्र सपाट हवी.

भाचीला फेकता येत नाही. तिच्यासाठी दादाने चार इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून त्याची पाच फुटी पन्हळ केली. कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि वरचं टोक उंच स्टुलावर टेकवलं. पन्हळीत ज्वारीचे चेंडू अडकतात, तिथे गुळगुळीत रबरी चेंडू घ्या.

बैठक जमली की निम्मं काम झालं

कंबर सरकत असेल तर हात स्थिर राहत नाही. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पट्टा बांधलेला आणि पाय फळीवर पूर्ण टेकलेले, एवढं बघा. दोन्ही बाजूंच्या फटीत टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या घाला. ही मापं पहिल्यांदा फिजिओकडून तपासून घ्या.

पाठ फिरवायला शिका

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका नियमाने. पन्हळ वापरणाऱ्या खेळाडूला एक मदतनीस मिळतो. त्याने खेळाडूच्या सांगण्यावरून पन्हळ हलवायची, पण स्वतः कोर्टाकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघायचं नाही, काही सुचवायचंही नाही.

वहिनीला हे जमेना. पहिल्या दिवशी ती चार वेळा वळली. "अगं, अजून डावीकडे घे ना!" पोरीने डोळे घट्ट मिटले, म्हणजे नाही. वहिनी गप्प बसली आणि हळूहळू पन्हळ उजवीकडे नेऊ लागली. मध्येच भाचीने वर बघितलं. तिथेच थांब. मग हनुवटीने चेंडू सोडला. तो शेजारच्या मुलाच्या निळ्या चेंडूला ढुशी देऊन जॅकला चिकटला. वहिनीला काहीच दिसलं नव्हतं. "काय झालं? लागला का?" असं ती विचारत राहिली आणि पोरगी हसता हसता खुर्चीत ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा आईला न कळलेलं काहीतरी तिला कळलं होतं.

घरी खेळतानाही हा नियम पाळा.

चालणाऱ्या, पळणाऱ्या मुलांसाठी

ज्यांना चालता येतं त्यांना क्रिकेट, सायकल, धावणं, सगळं खुलं आहे, नियम थोडे वाकवायला लागतात. चेंडू मोठा आणि हलका घ्या, टप्पा टाकून द्या, रन काढायला जोडीदार ठेवा. वाकवलेले नियम सगळ्यांना लागू करा, म्हणजे 'तिला सूट' असं वाटत नाही. पॅरा ॲथलेटिक्समध्ये टी३५ ते टी३८ हे गट ताठरपणा किंवा तोलाचा त्रास असलेल्या, उभ्याने धावणाऱ्यांसाठी आहेत. मुझफ्फरनगरच्या प्रीती पालने २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये टी३५ गटात १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत ब्राँझ मिळवलं. तिच्या शर्यतीचा व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा.

पोहणंही छान. कोमट पाण्यात स्नायू सैलावतात, गार पाण्यात आखडतात, म्हणून आपल्याकडे उन्हाळा बरा. एका मुलामागे एक मोठं माणूस पाण्यात हवंच. फिट येत असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

आणि सगळं काही खेळातच बसवायला नको. संक्रांतीला भरणारी आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा हीदेखील हक्काची मजा आहे. नंदीध्वजाच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीच्या गर्दीत व्हीलचेअर घेऊन जायचा हट्ट नको. जत्रेच्या होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं पुढेही बरेच दिवस असतात. मधल्या वारी, चारच्या सुमारास, गोंगाट वाढायच्या आत जाऊन या.

जागा, ऊन, पाणी

एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच खेळा. सीपी असलेल्यांची साध्या हालचालीतही जास्त शक्ती खर्च होते, म्हणून सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. तहान लागल्याचं सगळ्यांना सांगता येत नाही, आपणच दर दहा मिनिटांनी पाणी द्या, सरळ बसवून, छोट्या घोटांनी.

मैदान ठरवण्याआधी एकट्याने जाऊन बघून या. फाटकाला पायरी आहे का, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का. उताराचं गणित सोपं आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं गेलं, "बाजूला बसून बघा की, आत कशाला?" त्या दिवशी तशाच परत आलो. आता कायदा माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ३०मध्ये खेळात सहभागी होण्याचा हक्क मानला आहे आणि क्रीडा सुविधा त्यासाठी सोयीच्या करण्याची जबाबदारी सरकार आणि क्रीडा प्राधिकरणांवर टाकली आहे. महापालिका किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला अर्ज देताना या कलमाचा उल्लेख करा. नेमकी मागणी लिहा, जसं 'पूर्वेच्या फाटकाला उतार आणि शनिवारी एक तास जागा', आणि पोच घ्या.

चार घरं जमवा

एकट्या घराचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांग सर्टिफिकेटच्या रांगेत, फिजिओच्या बाकावर, विशेष शाळेच्या फाटकाशी आम्हाला पहिली चार कुटुंबं भेटली. एक तेलुगू बोलणारं, एक कन्नड. चेंडूला भाषा लागत नाही. वार आणि वेळ पक्की ठेवा, कितीही जण आले तरी खेळ व्हायलाच हवा. भावंडांना आणि गल्लीतल्या पोरांनाही घ्या, खुर्चीत बसवून खेळवा.

स्पर्धेचं डोक्यात असेल तर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढून ठेवा आणि पॅरा खेळांच्या राज्य संघटनेकडे चौकशी करा. तिथे तज्ज्ञ हालचाली तपासून गट ठरवतात. बोचियात बीसी१ ते बीसी४ असे चार गट आहेत, पन्हळवाले बीसी३मध्ये येतात.

मोठ्यांना विसरू नका. अठरा वर्षं झाली की शाळा सुटते आणि माणूस घरात बसतो. आमच्याकडे पस्तिशीचे एक दादा येतात. पहिले तीन शनिवार त्यांनी फक्त गुण लिहिले, आकडे थरथरत पानभर पसरायचे. चौथ्या शनिवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, आज तुम्ही लिहा. मी लाल."