गावच्या प्रकल्पात टीमचे नियम का मोडतात : या चुका टाळा

नाला खोलीकरण, शेततळी, बांधबंदिस्ती अशा कामांसाठी गावोगावी टीम उभ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. यवतमाळ असो की अमरावती, टीम फुटण्याचं कारण बहुतेक तेच. पैसा संपला म्हणून फुटलेली टीम मी क्वचित पाहिली. ठरवलेलं पाळलं नाही म्हणून फुटलेल्या मात्र पुष्कळ.

आपल्या माणसासाठी नियम वाकवणं. सगळ्यात महाग चूक हीच. एका गावात नाल्याचं काम सुरू होतं. गहू-हरभरा निघाल्यापासून ७ जूनच्या मृगापर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढेच आपले. पहिल्याच बैठकीत ठरलं होतं, की पोकलेनमध्ये डिझेल भरताना दोघं हजर पाहिजेत, तासांचं मीटर वहीत उतरवायचं आणि खाली दोघांच्या सह्या. बारा दिवस चोख चाललं. तेराव्या दिवशी अध्यक्षांचा पुतण्या एकटाच कॅन घेऊन गेला. रात्री वही उघडली तर सहीची जागा कोरी. "जाऊ द्या ना भाऊ, घरचाच पोट्टा आहे," अध्यक्ष म्हणाले. मी जाऊ दिलं.

आठवड्याभरात कोणीच सही करेना. मग डिझेल आणि मशीनचे तास यांचा मेळ बसेना, आणि पारावर नको ती कुजबुज सुरू झाली. त्या पोरानं काही खाल्लं असं मला आजही वाटत नाही; पण त्याची बाजू घ्यायला वहीत एक ओळ नव्हती. माणसं कामावर यायची थांबली. नाल्याचा शेवटचा तुकडा तसाच राहिला आणि पहिल्या जोराच्या पावसात तिथूनच पाणी शेजारच्या शेतात शिरलं.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. पहिला भंग झाला की त्याच दिवशी त्या माणसाला बाजूला घेतो, चारचौघांत नाही. "सही राहिली, आधी ती करा." सही होईपर्यंत मशीन सुरू होत नाही. माणूस अध्यक्षांच्या घरचा असेल तर आधी अध्यक्षांकडे जाऊन बसतो. एक सकाळ वाया गेली तरी चालते.

तयार यादी वाचून दाखवणं. नवे पोरं ही घाई हमखास करतात. दुसऱ्या गावची यादी आणायची, वाचायची, "मंजूर?" म्हणायचं आणि सह्या घ्यायच्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा)ची ग्रामसभा बहुमतावर नाही, सर्वसहमतीवर चालते. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो, पण नंतर "मला विचारलंच नव्हतं" असं म्हणायला कोणी उरत नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. तेव्हा 'अशानं काम होत नाही' हे मला कोणी सांगू नये.

मोघम शब्द. "संध्याकाळी बसू" म्हणजे कोणाचे सहा, कोणाचे जेवणानंतरचे नऊ. घड्याळाची वेळ सांगा. मे महिन्यात तर सकाळी साडेसहालाच बसा. दहानंतर ऊन डोकं चालू देत नाही.

वीस नियम. बचत गटाच्या बायांना पंचसूत्री तोंडपाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. पाचच आहेत म्हणून लक्षात राहतात.

दंडावर भरवसा. पन्नास रुपये फेकून पैसेवाला मोकळा होतो आणि मजूर बैठकीला यायचंच सोडतो. मी दंड ठेवत नाही.

व्हॉट्सअपवर नियम टाकून मोकळं होणं. कोणी वाचत नाही. शाळेच्या भिंतीवर लिहा.

एकदा ठरवलं की तेच वर्षभर. एप्रिलची वेळ पेरणीत चालत नाही, तेव्हा माणूस वावरात असतो. मृग लागला की बैठकीची वेळ बदला. पोळा झाला की सगळे पुन्हा बसा, आणि जो नियम कोणीच पाळत नाही तो सगळ्यांसमोर दुरुस्त करा, नाहीतर भिंतीवरून पुसून टाका.