गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे मोजा

सकाळी सेल्फ मारला, नुसते 'टक' झाले आणि गाडी गप्प. अशा वेळी लगेच नवी बॅटरी आणली जाते, आणि काही आठवड्यांत तीही उतरते. कारण दोष जुनीचा नव्हताच. ती नीट चार्ज होत नव्हती, किंवा गाडी बंद असताना कुठून तरी वीज गळत होती. हे शोधायला एक डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना आणि तास-दीड तास पुरतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या, केबलला मात्र हात लावायचा नाही. खाली जे आहे ते साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीबद्दल.

आधी कान, मग मीटर

भराभर टकटकटक आवाज आणि त्याबरोबर दिवे लुकलुकत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. स्टार्टरचा, म्हणजे सेल्फच्या मोटरचा, सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, व्होल्टेज परत चढते. त्याचाच तो आवाज. एकच जड 'टक' आणि दिवे तसेच लख्ख, तर संशय स्टार्टर किंवा त्याच्या जाड केबलवर घ्या. आवाजच नाही पण दिवे उत्तम असतील, तर क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, स्टार्टरचा रिले, नाहीतर चावीतली चोरी रोखणारी इमोबिलायझर चिप. इथे बॅटरी बदलून काहीही साधणार नाही.

आता बोनेट उघडून बॅटरीवरचे केबलचे दोन्ही क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. हाताने फिरला म्हणजे ढिला. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने घासा, धुऊन कोरडे करा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आतले आम्ल मरते.

माप पहिले: उभी गाडी

मीटर डीसी व्होल्टवर ठेवून टोके बॅटरीच्या दोन खांबांवर (टर्मिनलवर) टेकवा. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फुगलेला येतो. रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा, किंवा हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरा. उतरलेल्या बॅटरीवर पुढची मापे घेऊन निष्कर्ष काढणे व्यर्थ. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला, तर सहापैकी एक सेल गेला. प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा, तेवढाच कमी पडतो. ती बॅटरी संपली.

माप दुसरे: सेल्फ मारताना

मीटर बॅटरीच्या खांबांवर धरा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर भरलेली दिसणारी बॅटरी आतून थकली आहे. उलट आकडा ११ च्या वर आहे आणि तरी इंजिन रडतखडत फिरते, तर वीज वाटेत अडते आहे.

ती नेमकी कुठे अडते हे सापडते, आणि ही तपासणी फारच कमी ठिकाणी केली जाते. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि काळे त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारायला सांगा. इथे ०.१ व्होल्टहून जास्त दिसायला नको. मग निगेटिव्ह खांब ते इंजिनचा उघडा धातू असे मोजा. ०.३ च्या वर गेले तर अर्थिंगची (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) केबल किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. अर्धा व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल तर त्या एका सांध्यावर ७५ वॅट उष्णता होते. म्हणूनच चार-पाचदा सेल्फ मारल्यावर खराब क्लॅम्प हाताला गरम लागतो.

माप तिसरे: इंजिन चालू

बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन थोडे वाढवा. आकडा १३ च्या खाली उतरू लागला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर राहिला तर चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, तो नव्या बॅटरीचेही पाणी उकळवून टाकेल. अलीकडच्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी करतात. म्हणून १२.८ दिसले की लगेच घाबरू नका, दिवे लावून परत मोजा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर चालतो का' बघण्याची युक्ती अजून सांगितली जाते. ती करू नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, जळू शकते.

माप चौथे: झोपलेली गाडी

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, पण वरची तिन्ही मापे ठीक, तर गळती शोधा. निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, एक टोक क्लॅम्पला आणि दुसरे खांबाला. आता चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर मारायचाच नाही, मीटरचा फ्यूज उडेल. विनाचावीची गाडी असेल तर चावी लांब ठेवा. गाडीतले सगळे कंट्रोल युनिट झोपायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर दिसणाऱ्या आकड्याला अर्थ नाही. शेवटी ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी राहिले तर चालते. अर्धा अँपिअर राहिला तर ४५ अँपिअर-अवरची (हे वीज साठवण्याच्या क्षमतेचे माप) बॅटरी ४५ तासांत अर्धी होते.

गळती सापडली की फ्यूज एकेक उपटत बसू नका, त्याने झोपलेले युनिट जागे होते. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर टोके टेकवा. जिथे शून्य नाही, त्या सर्किटमधून वीज जाते आहे. डिकीचा दिवा विझतो का, हे बघायला फोनवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा आणि डिकी लावा.

बॅटरी घ्यायचीच असेल तर

पहिली अट ती मापात बसण्याची: लांबी, रुंदी, उंची, तळाची पकड आणि पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला. त्यासाठी नावाच्या शेवटी बहुधा एल किंवा आर असते. दोन्हींची टर्मिनले आरशासारखी उलट असतात, आणि चुकीची घेतली तर केबल पोहोचत नाही. जपानी पद्धतीच्या लहान बॅटऱ्यांचे खांब बारीक असतात. त्यांचा क्लॅम्प जाड खांबावर बसत नाही आणि जाड क्लॅम्प बारीक खांबावर कधीच पक्का होत नाही. पत्रा गुंडाळून जुळवणे म्हणजे पुढचा बिघाड आजच विकत घेणे.

अँपिअर-अवर कंपनीने सांगितल्याइतकेच किंवा थोडे जास्त घ्या, कमी नको. थंड प्रदेशात सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ मारण्याची ताकद, जास्त मोलाची. उष्ण हवेत मात्र बॅटरी लवकर म्हातारी होते, तिथे आकड्यापेक्षा ताजेपणा बघा. इंजिन सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणाऱ्या खास प्रकारचीच बॅटरी लागते. मूळ एजीएम असेल तर एजीएमच घाला. साधी घातली तर ती लवकर मरते. दुकानात निर्मितीची तारीख बघा आणि मीटर लावून घ्या: सहा महिन्यांहून जुनी किंवा १२.४ व्होल्टच्या खालची नको.

बसवताना

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. कारण पाना पॉझिटिव्हवरून चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलेच असेल, तर पाना लाल होतो. तळाची पकड घट्ट आवळा, हादऱ्यांनी प्लेटा झडतात. बॅटरी डिकीत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी परत जोडायला विसरू नका. व्हॅसलीन क्लॅम्प आवळल्यावर वरून लावा, खांब आणि क्लॅम्पच्या मधे नाही. निगेटिव्हवर लहान चौकोनी सेन्सर असेल तर तो ठोकू-वाकवू नका. अशा काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते.

इंजिन सुरू करून तिसरे माप पुन्हा घ्या. बॅटरी काढल्यामुळे खिडकीची काच एका स्पर्शात वर जायची थांबली असेल तर ती पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन, वर पोचल्यावर बटण काही सेकंद धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने जुळते.