प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करताना या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि त्यानंतर आपल्या दारात एक पद्मिनी असावी असे वाटणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. ही ओढ मला मनापासून आवडते, परंतु गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात रंगाची छटा निवडायला बसणारे मालक पाहिले की काळजी वाटते, कारण बहुतेक चुकांची सुरुवात तिथूनच होते.

पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट, नाही. १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेलेली ही गाडी मुळात फियाट ११०० डी असून तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे दाराखालचा सिल (पत्र्याची लांब पोकळ पट्टी), पायाखालचा फ्लोअर आणि डिकीचा तळ गंजला असेल, तर गाडीचा कणाच गंजला आहे असे समजावे. अशा पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे गंजाला आत निवांत वाढू देणे होय. गाडी पाहायला जाताना मी पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक जवळ ठेवतो; सिलवर ते धरत नसेल, तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. सगळी मॅटिंग उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहू न देणाऱ्याकडून गाडी घेऊच नये.

कोकणातून आलेल्या एका गाडीची गत मी जवळून पाहिली आहे. मालकांना ती दसऱ्यापूर्वी हवी होती, म्हणून गॅरेजवाल्याने चारही दारे उतरवली, गाडी पुढे आणि मागे जॅकवर उचलली आणि दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापून काढले. मधला आधार गेल्यामुळे बॉडी किंचित खाली बसली आणि त्याच अवस्थेत नवे सिल वेल्ड झाले. नंतर दारे लागेनात, तेव्हा बिजागऱ्या वाकवून आणि कडा ठोकून ती कशीबशी बसवण्यात आली. दसऱ्याला गाडी सुंदर दिसली, पण पुढचा पावसाळा येण्याआधीच पुढच्या काचेच्या खांबांच्या मुळाशी रंगाला चिरा पडल्या आणि सगळे काम पुन्हा कापून करावे लागले. पहिल्या खर्चापेक्षा दुसरा खर्च मोठा होता.

माझी सवय अशी आहे की एका वेळी एकच बाजू उघडावी, गाडी तिच्या चाकांच्या आधारावर सपाट जमिनीवर ठेवावी, दाराच्या चौकटीत आतून लोखंडी पाइपांचे तात्पुरते आधार वेल्ड करावेत आणि कापण्यापूर्वी चौकटीची कर्णमापे लिहून ठेवावीत. नवा सिल आधी वेल्डिंगच्या केवळ तुरळक ठिपक्यांवर धरावा, दार लावून फटी पाहाव्यात आणि मगच थोडे थोडे वेल्डिंग करावे, म्हणजे उष्णतेने पत्रा ओढला जात नाही. पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय आणि बॅटरी काढल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये. याला वेळ लागतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर चालती गाडी विकत घेणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

दुसरी चूक मला तितकीच खटकते: वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारणे. पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ करण्याच्या घाईत सिलिंडरच्या कोरड्या भिंतींवर गंजलेल्या पिस्टन रिंगा घासल्या जातात आणि जे इंजिन साफसफाईवर भागले असते ते बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करायला, जाते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, निदान एक रात्र जाऊ द्यावी आणि इंजिन हाताने, पान्याने फिरवून पाहावे. ते अडत असेल तर जोर न करता पुन्हा ऑइल सोडून थांबावे. मोकळे झाल्यावर जुने ऑइल बदलावे आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फवर फिरवत ऑइलचा दिवा विझण्याची वाट पाहावी. टाकीतले जुने पेट्रोल या कामी वापरू नये. लहान कॅनमधून ताजे पेट्रोल द्यावे.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. चारही चाकांचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर पाहावेत आणि रबरी होज न विचारता बदलावेत, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा खराब होतो, म्हणून इथेनॉल सोसणारे सुटे भागच लावावेत.

गाडी अडखळली की कार्बोरेटर खोलायची घाई करू नये. आधी प्लगला ठिणगी पुरवणारे पॉइंट व कंडेन्सर आणि ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, तपासावे. गिअर नीट पडत नसेल तर गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी स्टिअरिंगखालच्या लिंकेजचे (गिअरचा दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांचे) झिजलेले बुश पाहावेत. जास्तीचे हॉर्न आणि दिवे रिलेशिवाय, म्हणजे जादा वीजभार पेलणाऱ्या स्विचशिवाय, जोडू नयेत. जुना भाग कितीही खराब दिसला तरी नवा भाग बसून चालेपर्यंत टाकू नये.

कागदपत्रांकडे होणारे दुर्लक्षही महागात पडते. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी आणि बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. सोय म्हणून दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवणारे ही वाट स्वतःच बंद करून घेतात. म्हणून व्यवहार करण्यापूर्वी इंजिनावरचा क्रमांक आणि बॉडीवर कोरलेला चासी क्रमांक घासून स्वच्छ करून आरसीशी जुळवावेत, त्यांचे फोटो काढावेत आणि रंगाऱ्याला त्या जागा झाकून घ्यायला सांगावे.